हरकत असल्यास कळवावे

आमच्या अशोकचं वागणं मला मुळीच पटलेलं नाही. दिल्लीला आला, कोपर्निकस मार्गावरच्या त्या जुन्या सरकारी पाहुणघरात उतरला, रोज इस्त्रीचा कडक सदरा घालून सरपंचांच्या शिबिरात जाऊन बसला, आणि सख्ख्या काकीच्या दाराकडे काही फिरकला नाही. तिथून सरोजिनी नगर म्हणजे काय विलायत आहे? ऑटोवाल्याला नुसतं नाव सांगितलं तरी तो आणून सोडतो. पण अशोकरावांना वेळ कुठला. ते गावच्या ग्रुपवर फोटो टाकण्यात गुंतलेले. इंडिया गेटपुढे अशोकराव. धुक्यात काहीच दिसत नाही अशा कुठल्याशा इमारतीपुढे अशोकराव. करोल बागेत पडद्याचं कापड हातावर घेऊन अशोकराव, आणि खाली मजकूर, 'राजधानीत गावाच्या विकासाबाबत चर्चा'. कापडवाल्याशी गावाच्या विकासाची कसली चर्चा करत होता, देव जाणे.

हा माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. आई लहानपणीच गेली, तेव्हा आम्ही दोघी काक्यांनी त्याला वाढवला. मी मोठी काकी, आणि कुमुदिनी मधली. शेंबूड मी पुसला, शाळेत कुमुदिनीनं सोडला. गावचं कुणीही दिल्लीला निघालं की कुमुदिनी त्याच्या हाती सुक्या बोंबलांची पिशवी देते, सात घड्या घालून, वर कापूर ठेवून, गाडीत वास नको म्हणून. यंदा खुद्द घरचा पोरगा आला आणि पिशवी नाही. तेव्हाच मी ओळखलं की हा मला टाळतोय आणि का टाळतोय.

त्याचं कारण सांगते. त्यासाठी आमचं गाव सांगायला हवं.

भाटवेळ म्हणजे एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र, आणि मध्ये जेवढी जागा उरली तेवढ्यात बसवलेलं गाव. मी तिथं उभं आयुष्य काढलं. मालक गेले, मग राघव म्हणाला, आई, आता तू आमच्याकडे चल. राघव इथं केंद्र सरकारात आहे, सून देवयानीपण सरकारी नोकरीतच. आले. इथं थंडी आहे, धूर आहे, पार्कात उन्हाला बसून मटार सोलायला बायका आहेत. मी त्यांच्याशी हिंदी बोलते, त्या माझ्या हिंदीला हसतात, मी त्यांच्या भाजीला हसते. दिवस जातो. पण जीव गावात. म्हणून गावचा ग्रुप.

पूर्वी पंचायतीचं काही सांगायचं असलं की शांताराम शिपाई थाळी वाजवत आळीआळीनं फिरायचा. नळाला पाणी कधी, रेशन कधी, ग्रामसभा कधी, सगळं ओरडून सांगायचा. ऐकणारी बाई दारात येऊन उलट विचारायची, मग तो थांबून समजावायचा, नाहीतर त्याला चहा मिळत नसे. अशोक सरपंच झाला आणि त्यानं थाळी बंद केली. म्हणाला, आता डिजिटल. मोबाइलवर ग्रुप काढला, नाव ठेवलं 'आपलं भाटवेळ, बातम्या व घडामोडी'. सगळं गाव त्यात. परदेशातल्या बोटीवर गेलेली पोरंसुद्धा त्यात.

आता त्या ग्रुपची एक रीत पडलीय. काहीही आलं की खाली अंगठा टाकायचा. पाणी येणार नाही, अंगठा. कुणाच्या नचिकेतचा वाढदिवस, अंगठा. कुणाची म्हातारी गेली, तिलाही दोघाचौघांनी अंगठा टाकला, मग कुणीतरी दटावलं तेव्हा जोडलेले हात टाकले. वाचत कुणी नाही. अंगठा टाकला नाही तर मात्र लक्षात राहतं. तुमच्या मुलाच्या बारशाला अमक्यानं अंगठासुद्धा टाकला नाही, यावरून दोन घरांत बोलणं बंद आहे. आणि अशोक तर अंगठ्याबरोबर 'स्तुत्य उपक्रम' असंही लिहितो. सरपंच आहे ना. कुणी शेवग्याच्या शेंगा विकायला काढल्या तरी स्तुत्य उपक्रम.

मी मात्र अक्षराला अक्षर लावून वाचते. मला एक ओळ वाचायला जो वेळ लागतो त्यात दुसरे दहा ठिकाणी अंगठे टाकून मोकळे होतात. पण मी वाचलेलं माझ्या डोक्यात राहतं.

तर दिवाळी उलटल्यावर एक दिवस त्या ग्रुपवर पंचायतीची सूचना आली. वर कुणाच्या तरी केकचा फोटो, खाली गुलाबाच्या फुलावर शुभ सकाळ, आणि मध्ये ही. गावच्या किनाऱ्यावरील सार्वजनिक खळ्याच्या जागी पर्यटकांसाठी वाहनतळ व फोटो काढण्याचा चौथरा विकसित करण्याचे योजिले आहे, हरकत असल्यास कळवावे. खाली अंगठ्यांची रांग. त्यात कुमुदिनीचासुद्धा. मी वाचली, पण नुसतं 'योजिले आहे' म्हणजे पंचायतीचं काम वर्षभर कागदावरच राहील असं मला वाटलं.

खळं म्हणजे काय ते आमच्या नातीला, राघवच्या मुलीला, सांगावं लागलं, तिला ते शेताचं वाटलं. आमचं खळं मासळी सुकवायचं. किनाऱ्यालगत मोकळी जागा, त्यावर बांबूच्या उंच वलांड्या उभ्या केलेल्या, आडव्या दांड्या लावून. बोट लागली की बायका ओले बोंबील घेऊन तिथं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दांडीवर टाकायची. वारा लागला पाहिजे, ऊन लागलं पाहिजे, जमीन लागता कामा नये. बोंबील म्हणजे पाणीच. त्याच दिवशी टांगला नाही तर दुसऱ्या दिवशी फेकायचा. कुमुदिनीचं घर त्या दांडीवर चालतं. तिला दुसरं काही नाही. मुलगा बोटीवर जातो, पण त्याची कमाई त्याच्याच पोरांना पुरत नाही.

कुमुदिनीचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती. ती रडत नाही, तिचा आवाज फक्त कोरडा पडतो. म्हणाली, अक्का, सकाळी माणसं आली आणि वलांड्या उपटून एका बाजूला रचून ठेवल्या. बोट लागलीय, टोपल्या भरल्यात, टांगू कुठं? मी विचारलं, तू अंगठा का टाकलास? ती म्हणाली, मला वाटलं शिमग्याची वर्गणी असेल.

त्या दिवशीचे बोंबील तिनं समुद्रात परत टाकले.

मी लगेच ग्रुपवर बोलून हरकत पाठवली. टाइप करणं मला झेपत नाही, म्हणून तोंडानं बोलले, सविस्तर. खळं कुणाच्या आजोबांनी दिलं, वलांड्या कुणी उभ्या केल्या, अशोकला त्याच खळ्यावर गोधडीवर झोपवून आम्ही कशा बोंबील टांगायचो, सगळं बोलले. राघव म्हणाला, आई, हे ऐकायला लोकांना सुट्टी काढावी लागेल. झालंही तसंच. माझ्या हरकतीखाली अंगठे आले. ज्या बाईच्या वलांड्या उपटल्या तिचा अंगठा आणि ज्यानं उपटायला सांगितल्या त्याचाही. अशोकनं वर लिहिलं, 'धन्यवाद काकी'.

मग मी त्याला फोन लावला. तो तेव्हा गावातच होता. सरपंच झाल्यापासून हा पोरगा माझ्याशी वर्तमानपत्रासारखं बोलतो. म्हणाला, काकी, सगळं नियमात आहे. सूचना दिली होती, हरकत आली नाही, ग्रामसभेत ठराव झाला. मी विचारलं, ग्रामसभा कधी झाली? तर म्हणाला, दुपारी. दुपारी बायका किनाऱ्यावर असतात हे त्याला ठाऊक नाही होय? म्हटलं, माणसं किती होती? तर म्हणाला, पहिल्या सभेला पुरेशी नव्हती म्हणून तहकूब केली, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे रिकाम्या खुर्च्यांपुढे ठराव. त्यावर कडी म्हणून म्हणाला, शिवाय गावाचा अंगठा आहेच ना, काकी. संमती नसती तर लोकांनी अंगठा कशाला टाकला असता?

मी फोन ठेवला. रागावले नाही. मला त्या वाक्यात एक वाट दिसली होती.

आता या अशोकचं आणखी एक सांगायला हवं. खळ्याला लागूनच त्याचं घर. गेल्या वर्षी त्यानं ते घर रंगवलं, गॅलऱ्या काढल्या, अंगणात झोपाळे टांगले आणि पाटी लावली, 'सागरगाज होमस्टे'. पुण्या-मुंबईची कंपनीतली माणसं सुट्टीला येतात, समुद्र बघतात, तळलेलं पापलेट खातात आणि बोंबलाचा वास आला की नाकाला रुमाल लावतात. हे मी कुमुदिनीकडून ऐकलं होतं. करोल बागेतलं पडद्याचं कापड त्या खोल्यांसाठीच.

मी देवयानीची वाट बघितली. माझी सून पुण्याची, दिवसभर ऑफिसात टिप्पण्या लिहिते. घरी बोलतानासुद्धा 'सदर भाजी' म्हणेल की काय अशी मला भीती असते. पण तिच्या हाताखालून गेलेला कागद कुणी परत पाठवत नाही, असं राघव सांगतो. ती आली, चहा झाला, आणि मी तिला म्हटलं, मला पंचायतीसारखी एक सूचना लिहून दे.

तिनं मजकूर ऐकला आणि आधी हसली, मग गंभीर झाली. म्हणाली, आई, पंचायतीच्या नावानं लिहिता येणार नाही, तो गुन्हा होईल. म्हटलं, मला कशाला हवंय पंचायतीचं नाव, मला नाव नाही काय? मग ती बसली. आम्ही एकेक शब्द धरून लिहिलं. मी म्हणायचे, 'पोरा, तुझ्या घरी टांगू दे'. ती लिहायची, 'उपलब्ध करून देण्याचा प्रस्ताव आहे'. मी म्हणायचे, 'नाहीतर बघ'. ती म्हणाली, हे नको, याऐवजी मुदत घालू. शेवटी झालं ते असं.

'सर्व ग्रामस्थांस कळविण्यात येते की, सार्वजनिक खळ्याचे काम सुरू असल्याने, गावातील महिलांना मासळी सुकविण्यासाठी सरपंच श्री. अशोक तांडेल यांच्या सागरगाज होमस्टेचे अंगण, गच्ची व गॅलऱ्या हंगाम संपेपर्यंत उपलब्ध करून देण्याचा प्रस्ताव आहे. हरकत असल्यास उद्या सूर्यास्तापूर्वी याच ग्रुपवर कळवावे. हरकत न आल्यास संमती समजण्यात येईल. श्रीमती चंपावती तांडेल, मुक्काम दिल्ली.'

यात खोटं एक अक्षर नव्हतं. देवयानीनं दोनदा तपासलं.

अशोक तेव्हा शिबिरासाठी दिल्लीत येऊन पोचला होता. मी लगेच नाही टाकलं. ग्रुपवर कुणी काही वाचेल अशी वेळ टाळायची होती. सकाळी शुभ सकाळची फुलं पडायला लागली, त्यात हरीशच्या नव्या मोटरसायकलचा हार घातलेला फोटो आला, गावाचे अंगठे धावायला लागले, तेव्हा मी मध्येच सोडलं. आणि पार्कात जाऊन मटार घेऊन बसले.

पहिली शेंग सोलून व्हायच्या आत अंगठे सुरू. मी बघत होते. गावचा पोस्टमन, अंगठा. बोटीवरचा पोरगा, समुद्रातून अंगठा. ग्रामसेवक, अंगठा. आणि मग अशोक. अंगठा, आणि खाली लिहिलेलं, 'स्तुत्य उपक्रम'. पाठोपाठ त्याचा फोटो आला, कुठल्याशा दगडी दरवाजापुढे छाती काढून उभा.

शेजारच्या बाईनं विचारलं, अम्माजी, अकेले अकेले क्यों हँस रही हो? म्हटलं, मेरा भतीजा बहुत दिलदार है.

दुसऱ्या दिवशी सूर्य बुडाला. हरकत नाही आली. मी कुमुदिनीला फोन केला आणि सांगितलं, उद्या बोट लागली की टोपल्या घे आणि बायकांना घेऊन अशोकच्या घरी जा. ती कचरली. म्हणाली, अक्का, आपल्याच पोराच्या घरात असं शिरायचं? लोक काय म्हणतील? म्हटलं, लोकांनी म्हणून झालंय, सगळ्यांचे अंगठे आहेत. तू नुसती अबोलीला फोन दाखव.

अबोली अशोकची बायको. बंदरावरच्या घरातली मुलगी, पण होमस्टे झाल्यापासून तिला नाइलाजानं सगळ्यांना 'वेलकम ड्रिंक' द्यावं लागतं. तिनं फाटकात उभ्या बायका बघितल्या, टोपल्या बघितल्या, कुमुदिनीच्या फोनवर नवऱ्याचा अंगठा बघितला, स्तुत्य उपक्रम वाचला, आणि फाटक उघडलं. कुमुदिनी सांगत होती की अबोली आत जाऊन बाहेर आली तेव्हा साडीचा पदर खोचलेला होता, आणि तिनंच पहिली जोडी गॅलरीच्या कठड्यावर टाकली.

मग काय विचारता. कठड्यांवर बोंबील, झोपाळ्याच्या साखळ्यांवर बोंबील, पाहुण्यांनी चेंडू खेळावा म्हणून लावलेल्या जाळीवर बोंबील. गच्चीवर सुकट पसरलेली. अंगणातल्या रंगीत छत्रीच्या काड्यांनासुद्धा कुणीतरी जोड्या अडकवल्या. कुमुदिनीनं मला व्हिडिओ दाखवला. मी राघवला बोलावलं, देवयानीला बोलावलं, आम्ही तिघांनी बघितला. देवयानी म्हणाली, आई, अंमलबजावणी फार चोख झालीय.

त्याच दिवशी संध्याकाळी पुण्याची माणसं उतरली. समुद्रासमोरची खोली घेतलेली. रात्र काढली आणि सकाळी निघून गेली. जाताना त्यांनी इंटरनेटवर लिहिलं की जागा छान, यजमानीण प्रेमळ, समुद्र ऐकू आला, दिसला मात्र नाही.

आता माझा फोन वाजायला लागला. अशोक. मी मटार सोलत होते, हात ओले होते. परत वाजला. मी म्हटलं, वाजू दे. या पोराला दिल्लीत आल्यापासून काकीची आठवण झाली नव्हती, आता एकदम उमाळा आलाय, तर थोडा साठू दे.

दुपार टळायच्या आत तो दारात. इस्त्री मोडलेली, गळ्यात शिबिराचा पट्टा तसाच, हातात करोल बागेतली पिशवी. पाया पडला. मी म्हटलं, ये बाबा, पत्ता सापडला वाटतं. बस म्हटलं, पण पाणी स्वतःच्या हातानं घे म्हटलं, स्वयंपाकघर तिकडे. राघवनं वर्तमानपत्र उघडलं आणि त्याच्यामागे गेला. त्याला दोन्हीकडे नातं सांभाळायचं असतं.

अशोक पाणी प्याला आणि त्यानं सुरुवात केली. काकी, ही थट्टा फार लांब गेली. माझी बुकिंगं रद्द होतायत. अबोली फोनवर माझ्याशी धड बोलत नाही, म्हणते तुम्हीच स्तुत्य म्हणालात. तुम्ही कुमुदकाकीला सांगा, आजच्या आज ते सगळं काढायला.

मी विचारलं, तुझी हरकत होती तर मुदतीत का नाही कळवलीस?

तो चिडला. सरपंचाचा आवाज गेला आणि माझा पोरगा बोलायला लागला. "काकी, अहो त्या ग्रुपवर कोण वाचतं? येता-जाता टाकतो माणूस अंगठा. त्याला काय संमती म्हणतात?"

राघवचं वर्तमानपत्र थोडं खाली आलं. अशोकनं माझ्याकडे बघितलं, मग राघवकडे, मग हातातल्या रिकाम्या पेल्याकडे. त्याला कळलं की तो काय बोलून बसला. पेला त्यानं जपून खाली ठेवला, जणू तो काचेचा नाही, अंड्याचा आहे.

पण तो माझाच वाढवलेला. इतक्यात गप्प बसणार नाही. त्यानं दुसरी बाजू मांडली, आणि मी ऐकून घेतली, कारण त्यात काही अगदीच खोटं नव्हतं. म्हणाला, काकी, गावात काय उरलंय सांगा. पोरं मुंबईला जातात, परदेशी बोटींवर जातात. मासळी दरसाल कमी. पाहुणे आले तर चार घरांना काम मिळतं, कुणी जेवण करतं, कुणी होडी फिरवतं. पण गाडी लावायला जागा नाही, म्हणून माणसं पुढच्या गावाला जातात. मला गाव जगवायचंय.

म्हटलं, जगव की. गाड्या तुझ्या मागल्या अंगणात लाव, तिथं पूर्वी होड्या लागायच्या. तिथं का नाही?

तिथं मी आणखी खोल्या बांधणारै, असं तो हळूच म्हणाला.

"आणि वास?" मी विचारलं.

तो म्हणाला, पाहुणे तक्रार करतात. खरं सांगू का काकी, खळं असेपर्यंत वरच्या खोल्या भरत नाहीत.

आता कुठं खरं बाहेर आलं. मी त्याला चहा टाकला. खरं बोलणाऱ्याला मी उपाशी ठेवत नाही. देवयानी ऑफिसातून आली, तिनं त्याला बघितलं, भावोजी म्हणून विचारपूस केली, आणि पर्स ठेवता ठेवता म्हणाली, मुदत परवाच संपली ना? अशोकनं मान खाली घातली. ती आत गेली. तिला जास्त बोलायची सवय नाही.

चहा पिता पिता मी त्याला एकच गोष्ट विचारली. बाकी सगळं जाऊ दे म्हटलं, ग्रुप जाऊ दे, ठराव जाऊ दे. कुमुदिनीचं दार तुझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर. रोज सकाळी तू तिच्या समोरून जातोस. वलांड्या उपटायच्या आधी तिला तोंडानं का नाही सांगितलंस?

बाहेर भाजीवाला गाडी घेऊन चालला होता, मेथी मेथी ओरडत.

"काकी, तुम्ही ओरडला असतात तर मी ऐकून घेतलं असतं," तो म्हणाला. "पण कुमुदकाकी ओरडत नाही. ती नुसती बघते. आणि मग तिच्या पोटाचं काय, हे मला तिनं विचारलं असतं, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं."

राघवनं वर्तमानपत्र मिटून बाजूला ठेवलं. मी म्हटलं, मग?

तो म्हणाला, मग काय. सूचना टाकली. लोकांचे अंगठे आले. मला बरं वाटलं.

त्याचा फोन वाजला. अबोली. त्यानं उचलला नाही, पालथा ठेवला. मग मला म्हणाला, काकी, तुम्ही म्हणाल ते करतो, फक्त बोंबील काढायला सांगा. मोठी माणसं येणार आहेत पुढच्या आठवड्यात. तुम्ही सांगितलंत तर कुमुदकाकी ऐकेल.

मला त्याची दया आली, खोटं कशाला सांगू. लहानपणी काही फोडलं की असाच यायचा, माझ्या पदराआड उभा राहायचा आणि म्हणायचा, तू सांग ना तिला. तेव्हा मी सांगायचे. पण आता त्याच्या मिशीला पांढरं आलंय आणि गावाचा शिक्का त्याच्या खिशात आहे. माझ्या पदराआड आता तो मावत नाही, आणि मला तो मावायला नकोय.

मी त्याच्या हातातला कप काढून घेतला, त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं:

"नाही सांगणार. ऐक नीट. तू लबाड नाहीस, अशोक. लबाड असतास तर मी तुला घरात घेतलं नसतं. तू भित्रा आहेस. एका बाईच्या नजरेला तू इतका घाबरलास की अख्ख्या गावाला मध्ये उभं केलंस. उद्याची गाडी पकड. गावात पोचलास की आधी घरी जाऊ नकोस, कुमुदिनीच्या दारात जा, ती बघेल तेवढा वेळ तिच्यासमोर उभा राहा, आणि तोंडानं सांग की खळं तुमचं आहे आणि वलांड्या मी माझ्या हातानं परत रोवतो. मग संध्याकाळची ग्रामसभा बोलाव, बायका मोकळ्या असतात तेव्हाची, आणि झालेला ठराव तिथं रद्द कर. बोंबील तुझ्या गॅलरीत तोवर राहतील. पाहुण्यांना चालत नसेल तर पाहुणे जातील. कुमुदिनी कुठं जाणार?"